रंगाकाकांची शिक्षा

बायकोला मी सगळं सांगतो, वर तिखटमीठ लावून सांगतो — ही गोष्ट मात्र तिच्यापासूनही लपवून बसलोय.

रंगाकाका तुम्हाला माहीत नसतील. जन्म दिल्लीचा, वय पंचाहत्तरच्या पुढे, अजून केसांचा बुचडा आणि जांभळा झब्बा. हिप्पींच्या काळात त्यांच्याबरोबर हिंडून मूकनाट्यं करायचे. मग दिल्लीतच पहाडगंजात हॉटेल काढलं आणि गोऱ्यांना 'भोकाचा पॅनकेक' म्हणून थालीपीठ खाऊ घातलं. हे ते स्वतःच हातवारे करून सांगायचे, आणि लक्ष्मीबाई नगरातली आमची मराठी मंडळी जेवण विसरून ऐकायची. त्याआधी ती कुणाचं ऐकायची? माझं.

कळतंय ना, मी कुठे चाललोय?

गेल्या वर्षी गणपतीत मंडळाने त्यांचा प्रयोग ठरवला. बहुधा शेवटचाच — गुडघे गेले होते. बैठकीत कुणीतरी विचारलं, "काका, हे शिकलात कुठे?"

काका छाती फुगवून म्हणाले, "माझी शिक्षा काठमांडूत झाली. पूरे तीन साल."

बैठकीत नजरानजर झाली. हिंदीत शिक्षा म्हणजे शिक्षण. मराठीत ती भोगायची असते. शब्द मराठी वाक्यात आला, म्हणून सगळ्यांनी मराठीच ऐकला. हिप्पी, काठमांडू, तीन वर्षं — बाकीचं ज्याने त्याने मनात जुळवलं. चरस हा शब्द कुणीही उच्चारला नाही.

मला मात्र कळलं होतं. काठमांडूत त्यांना मूकनाट्य शिकवणाऱ्या फ्रेंच बाईंचा फोटो मी त्यांच्या गल्ल्यामागे कितीदा पाहिला होता. काका चहा सांगायला बाहेर गेले, सगळे माझ्याकडे वळले — आणि मी काय केलं? भुवया उडवल्या. "तरीच," म्हणालो. "मला संशय होताच."

किती दिवसांनी खोली पुन्हा माझी झाली होती.

प्रयोग रद्द झाला. 'वेळेअभावी', असं काकांना कळवलं. हॉटेलात मराठी कुटुंबं येईनाशी झाली. मी जातो. परवा काका टेबलाला टेकून म्हणाले, "यार, लोक असे का बघतात रे? माझ्या मराठीत काही गडबड आहे का?"

"बिल्कुल नाही, काका. छान बोलता तुम्ही."

त्यांचा चेहरा खुलला. शेजारी नागपूरहून नुकतंच बदलीवर आलेलं जोडपं बसलं होतं. काका तिकडे वळले, झब्बा सारखा केला आणि सुरू झाले, "माझी शिक्षा काठमांडूत झाली —"

मी थालीपिठावर लोणी पसरत राहिलो.