नकाशावरची वस्ती
निळ्या शाईच्या बाटलीचं बूच उघडलं की मला अजून तो कॉलेजचा हॉल आठवतो. मी मॅट्रिक झाले होते आणि कला शाखेत कुठले विषय असतात ते पाहायला कॉलेजने पालकांसह बोलावलं होतं. बाबांनी तांब्यात निखारे घालून सदऱ्याला इस्त्री केली होती. हॉलमध्ये प्रत्येक विषयाचं एक टेबल होतं. समाजशास्त्राच्या टेबलामागे विद्यार्थ्यांनी काढलेला खालापूरकडच्या एका खेड्याचा नकाशा होता, आणि ते खेडं आमचंच निघालं. आमची विहीर, आमची चिंच बघून मी हरखले. हाच विषय घ्यायचा, असं तिथेच ठरवून टाकलं. बाबांची नजर मात्र आमच्या वस्तीवर अडली. तिथे जातीचं जुनं नाव लिहिलं होतं, जे आमच्या माणसांनी धर्मांतराच्या दिवशीच सोडलं होतं. "सर, ही बौद्धवाडी हाय," बाबा टेबलापाशी उभ्या प्राध्यापकांना हात जोडून म्हणाले, "ह्ये नाव आमी कवाच टाकलं." सर समजुतीने हसले. "सरकारी दप्तरात तेच आहे हो. आम्ही काय करणार?" ते दुसऱ्या पालकांकडे वळले, तशी बाबांनी बोट थुंकीने ओलं केलं आणि नाव पुसायला लागले. शाई पसरली, अक्षरं गेली नाहीत. "अहो, पोरांची मेहनत आहे ती!" सर ओरडले. सगळा हॉल बघायला लागला. बाबांनी निळं बोट मुठीत लपवलं. मी शेजारीच उभी होते, हातात प्रवेशाचा अर्ज घेऊन, आणि माझ्या तोंडून शब्द फुटला नाही. पुढे तोच विषय मी तीस वर्षं शिकवला. त्या दिवशी बोलायला हवं होतं ते वर्गात कितीदा तरी बोलले, पण ऐकायला बाबा तिथे नव्हते.