उजव्या डोळ्याची फेरमोजणी

१२ मार्च २०१९ रोजी निकोदेमो लामान्नाने इस्पितळाच्या खिडकीवर सहाशे चाळीस युरो भरले. साधं भिंग सरकारकडून फुकट मिळत होतं. पण त्याच्या बुबुळावरच्या पडद्याला बाक होता आणि हे पैसे तो बाक सांभाळून घेणाऱ्या खास भिंगाचे. भूमापन कचेरीत एकेचाळीस वर्षं नकाशे आखलेल्या माणसाला मोतीबिंदू काढूनही रेषा तिरकीच दिसणार असेल, तर काढायचा कशाला, असा त्याचा हिशेब.

माणूस कामाला चोख. दक्षिण इटलीच्या कालाब्रियातल्या त्या डोंगरी जिल्ह्यात त्याने मोजलेल्या बांधावरून सख्खे भाऊसुद्धा भांडले नाहीत. खोड एकच. साहेब दिसला की मान डावीकडे कलायची. नऊ साहेब आले आणि गेले. पुढे पुढे ती घरीही सरळ होईना. बायको म्हणायची, "निकोदे, जेवताना तरी नीट बस. इथं कोण साहेब आहे?" आणि मग स्वतःच हसायची.

शस्त्रक्रियेच्या सकाळी ओर्नेल्ला नर्सने त्याला स्टुलावर बसवलं. "काका, पाठ ताठ, नजर समोर. आडवं झालं की डोळा खोबणीत जरासा फिरतो, म्हणून खुणा माणसाला बसवूनच करायच्या. भिंग त्या खुणांवर बसतं. खूण चुकली की तुमचे पैसे पाण्यात."

निकोदेमो खांबासारखा बसला. तेवढ्यात विभागप्रमुख डॉक्टर स्कार्दामाल्या आत आले, फोनवर ओरडत, "माझ्या जागेवर गाडी कुणी लावली?" निकोदेमोची मान कलली. फोन खांद्यात धरूनच साहेबांनी बुबुळाच्या दोन्ही कडांना जांभळे ठिपके दिले आणि ते गाडीवाल्याच्या शोधात निघून गेले.

बेसिनवरच्या आरशात निकोदेमोने बऱ्या डोळ्याने पाहिलं. एक ठिपका वर, एक खाली. "दहा अंश," तो पुटपुटला. "बांध सरकलाय."

"मग सांगा ना त्यांना!"

"साहेबांना? तोंडी?"

"मी एकदा सांगितलं होतं, तर सहा महिने रात्रपाळी मिळाली. आणि तोंडी नाही तर काय, अर्ज करणार?"

निकोदेमोचा चेहरा उजळला. त्याने कागद मागितला. विषय: उजव्या डोळ्यावरील आधाररेषेच्या फेरमोजणीबाबत. चूक कुणाची ते लिहिलं नाही. 'मोजणीसमयी अर्जदाराची मान कललेली असल्याने' एवढंच लिहिलं. पण बिनमुद्रांकाचा अर्ज म्हणजे त्याच्या लेखी वाण्याची यादी. ओर्नेल्लाने घरभाड्याच्या करारासाठी आणलेला सोळा युरोंचा मुद्रांक पर्समधून काढला. "घ्या. आणि पळा, तुमचा नंबर चौथा आहे." इस्पितळाच्या झग्यात, उघड्या पिंढऱ्यांनी तो तळमजल्यावर गेला आणि आवक खिडकीवरून शिक्का घेऊन आला.

ऑपरेशन थिएटरच्या दारात डॉक्टरांनी कागद पाहिला. "हे काय आहे?"

"अर्ज, साहेब." मान डावीकडे.

"डोकं फिरलंय का तुमचं?"

"आवक क्रमांक पडलाय, साहेब."

डॉक्टर थबकले. रुग्णाचं बोलणं एका कानाने ऐकून दुसऱ्याने सोडता येतं. आवक क्रमांकाला तीस दिवसांत लेखी, सकारण उत्तर द्यावं लागतं, आणि कारणात गाडीची हकिगत कशी लिहिणार? त्यांनी कागद उजेडाकडे धरला. शिक्का खरा होता.

"बसवा यांना. सिस्टर, डोकं धरा."

बाजारात कलिंगड धरावं तसं ओर्नेल्लाने ते दोन्ही हातांनी धरलं. जुने ठिपके धुतले गेले, नवे पडले. साहेब समोर असूनही निकोदेमोची मान सरळ राहिली. आयुष्यात पहिल्यांदाच, आणि तेही दुसऱ्याच्या हातांनी.

पट्टी निघाली तेव्हा दाराची चौकट, खिडकीची कड, समोरच्या घराचं छप्पर, सगळं ओळंब्यात दिसलं. "झालं समाधान?" डॉक्टरांनी विचारलं. निकोदेमोने मान कलवून आभार मानले. अर्जावर शेरा पडला: मागणी मान्य, प्रकरण बंद.

ओर्नेल्लाला करारासाठी दुसरा मुद्रांक घ्यावा लागला. पहिल्याचे सोळा युरो निकोदेमोकडून अजून यायचे आहेत.