ताणलेली चादर

"माणूस डॉक्टरला काय हवं ते सांगो, चादर खरं तेच सांगते," असं ती एकदा म्हणाली होती, आणि धुलाईखान्यातल्या मुली खो खो हसल्या होत्या.

इस्पितळाच्या तळघरात तिने सव्वीस वर्षं काढली. वरच्या चार मजल्यांवर काय चाललंय ते तिला माणसांवरून नाही, कपड्यांवरून कळायचं. रात्रभर मुठीत आवळून धरलेला चादरीचा काठ. एकाच बाजूला ओली झालेली उशीची खोळ. सगळे तिला घडीमावशी म्हणत, कारण तिच्या हातची घडी पट्टी लावून तपासावी अशी असे. प्रत्येक गाठोड्यावर पलंगाचा नंबर यायचा, आणि एखादा पलंग दिवसात तीन-तीन चादरी खाली पाठवू लागला की ती ओरडायची, "आले बरं का राजेसाहेब!" ही पदवी तिनेच काढलेली. सारख्या तक्रारी करणारे, सारखं काही ना काही मागणारे, ते सगळे राजेसाहेब. तळघरात तेवढीच करमणूक.

मग एका सकाळी तिथल्याच ओल्या फरशीवर तिचा पाय घसरला आणि डावा खुबा मोडला. ऑपरेशन झालं, आत सळई बसली. एवढ्या वर्षांत वरच्या मजल्यावर राहायला ती पहिल्यांदाच आली, आणि तेही आडवी.

शुद्धीवर येताच तिने एकच ठरवलं. काहीही होवो, आपण राजेसाहेब व्हायचं नाही.

सकाळी राऊंडच्या आधी ती उशीला टेकून बसायची आणि अंगावरची चादर हात पोचेल तिथवर ताणून गादीखाली दाबायची. पायांकडची बाजू आयाकडून खोचून घ्यायची. एक सुरकुती दिसेल तर शपथ. डॉक्टर यायचे, डाव्या पायाचे टाके बघायचे.

"काय मावशी, कसं वाटतंय?"

"अगदी बरं आहे."

"व्वा! सिस्टर, बघा जरा. सगळे पेशंट असे असते तर!"

त्या एका वाक्यावर तिचा दिवस जायचा. सव्वीस वर्षांत तळघरात उतरून कुणी व्वा म्हटलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी उजवी पोटरी दुखू लागली. मोडलेला पाय डावा, आणि दुखतोय उजवा, हे तिला स्वतःलाच आगाऊपणाचं वाटलं. एका पायासाठी आलो आणि दुसऱ्याचीही कुरकूर करायची? चौथ्या दिवशी पोटरी गरम लागली. पाचव्या दिवशी वॉकर धरून चार पावलं टाकताना तिने ओठ असे चावले की तोंडात खारट चव आली. चालायला शिकवणाऱ्या पोरीने विचारलं, "दुखतंय का?" ती म्हणाली, "छे गं, सवय नाही ना." तिचा गाऊन घोट्यापर्यंत होता, आणि पलंगावर आली की ती ताणलेली चादर होतीच. तिच्याखाली पाय एखाद्या दडवलेल्या चोरासारखा पडून राहायचा.

शेजारच्या पलंगावर पोस्टातून निवृत्त झालेली एक बाई होती. ती सगळ्यांशी भांडायची. सलाईन टोचतंय, पंखा कुरकुरतोय, औषध उशिरा आलं. सिस्टर डोळे फिरवायच्या, पण यायच्या.

सहाव्या दिवशी सकाळी आयाने चादर बदलायला ओढली आणि पोस्टबाईला तो पाय दिसला.

"अगं बाई! हा पाय आहे की उशी?"

"हळू बोला हो. उतरेल आपोआप."

"आपोआप? डॉक्टरांना सांगितलंत?"

"त्यांना किती कामं असतात. उगीच कशाला..."

"हे बघा घडीमावशी, मी तीस वर्षं खिडकीच्या आत बसले. जो येऊन ओरडला त्याचं पत्र मी शोधलं. जो गप्प घरी गेला त्याचं आम्ही शोधलंच नाही. आम्ही काही वाईट नव्हतो. आम्हाला वाटायचं, पोचलं असेल."

आया नवी चादर घालून, पायथ्याशी खोचून निघून गेली. मावशीने सवयीने ती छातीपाशी ताणली. पांढरी, सपाट, निर्जीव. असली चादर तळघरात आली असती तर तिने काय वाचलं असतं? काहीच नाही. या पलंगावर कुणी नव्हतंच, असं म्हणून तिने ती बाजूला टाकली असती. आयुष्यभर खरं बोलणाऱ्या वस्तूला तिने खोटं बोलायला शिकवलं होतं.

दाराशी बुटांचे आवाज आले. डॉक्टर, मागे तीन शिकाऊ, सिस्टर.

"काय आमच्या गुणी मावशी, बरं आहे ना?"

तिने दोन्ही मुठींत चादर धरली आणि जोर लावून ओढली. खोचलेले कोपरे सुटले. चादर गोळा होऊन जमिनीवर पडली. तिने गाऊन गुडघ्यापर्यंत वर घेतला.

"बरं नाही," ती म्हणाली. आवाज तिच्या अपेक्षेपेक्षा मोठा निघाला. "चार दिवस झाले, बरं नाही. हा पाय बघा."

डॉक्टर वाकले. पोटरी दाबताच ती ओरडली, मनापासून, चार दिवसांचं सगळं एकदम. पुढे कुणी व्वा म्हटलं नाही. तासाभरात सोनोग्राफी झाली. रक्ताची गुठळी होती. सुटून छातीकडे गेली असती तर, असं म्हणून डॉक्टर थांबले. मग त्यांनी खुर्ची ओढली आणि ते पहिल्यांदा तिच्याजवळ बसले.

"बोलला का नाहीत?"

"तुम्ही चादर बघत होता, मी चादर दाखवत होते."

त्यांनी मान खाली घातली. "चूक दोघांची," ते म्हणाले. त्या दिवसापासून राऊंडला आले की ते आधी दोन्ही पाय उघडे करून बघायचे, सगळ्यांचेच.

आणि मावशी? तिने हक्काने मागायला सुरुवात केली. इंजेक्शन कशाचं, किती दिवस, हे निळं का झालं, उशी बदला, ही चादर बदला. खालून मुलींनी आयाच्या हाती चिठ्ठी पाठवली: "राणीसरकार, आज चौथी चादर!" ती इतकी हसली की टाके दुखले, आणि टाके दुखतात हेही तिने सिस्टरना बोलावून सांगितलं. "शाब्बास," पोस्टबाई म्हणाली, "आता तुम्ही माझ्या वरताण झालात."

अठराव्या दिवशी डिस्चार्ज मिळाला. वॉर्डबॉय व्हीलचेअर घेऊन आला.

"बसा मावशी. दारापर्यंत खुर्चीतूनच न्यायचं, नियम आहे."

तिने खुर्चीकडे पाहिलं. सिस्टर, डॉक्टर, पोस्टबाई, सगळे तिच्याकडे बघत होते, आता ही काय बोलते म्हणून. तिने आपली पिशवी उचलली आणि खुर्चीत नीट बसवली. वर औषधांचा डबा ठेवला. मग वॉकरऐवजी मिळालेली काठी घेतली, उजवा पाय टेकवला, डावा टेकवला, आणि पिशवीची खुर्ची ढकलत येणाऱ्या वॉर्डबॉयला मागे ठेवून स्वतःच्या पायांनी दाराबाहेर पडली.