दाराकडची सीट

दिग्रसमध्ये जुनी गाडी घ्यायची तर दोन माणसं सोबत न्यावी लागत. एक मिस्त्री, इंजिन ऐकायला, आणि दुसरी खैरुनबी, सीट बघायला. मिस्त्री कोणताही चालत असे. खैरुनबी मात्र एकच होती.

बसस्टँडमागच्या गल्लीतलं सीट कव्हरचं दुकान मूळ तिच्या नवऱ्याचं, मोहिउद्दीनचं. तो दम्यानं गेला तेव्हा सगळ्यांना वाटलं, बाई दुकान विकून भावाकडे दारव्ह्याला जाईल. तिनं इद्दतीचे, विधवेनं घरात काढायचे, चार महिने संपल्याच्या दुसऱ्याच दिवशी शटर वर केलं. पहिलं गिऱ्हाईक आलं, त्याला म्हणाली, "कव्हर बदलून काय करतं? आतला फोम मेला तुया." गिऱ्हाईक रागावून गेलं आणि चार दिवसांनी परत आलं. नंतर वीस वर्षं तिचं हेच चालू होतं. गोड बोलून धंदा करायचा असतो हे तिला कोणी शिकवलंच नव्हतं. माझ्या स्कूटरची सीट शिवताना ती माझ्या बसण्याच्या पद्धतीवरून मला इतकं बोलली होती की मी पुढे महिनाभर ताठ बसायचो.

गाड्या बघायचं काम तिच्याकडे असंच चालत आलं. ती म्हणायची, "इंजन धुता येते, मीटर मागं फिरवता येते. पन मानूस कुठी बसला, कसा बसला, थे फोम लपवत नाई." एका साहेबांची गाडी विकायला होती, फक्त मॅडमच चालवत म्हणे. खैरुनबीनं मागच्या सीटवर हात फिरवला आणि सगळ्यांदेखत सांगितलं की इथं दोन कुत्रे आणि एक पान खाणारा माणूस रोज बसतो. मॅडमचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता. साहेबांच्या घरात पुढे काय झालं ते मी सांगत नाही.

मी कॉलेजात प्रयोगशाळा सहायक आहे. मोजता येतं तेवढंच खरं, असं मानणारा माणूस. तरी तिला घेऊन गेलो, कारण मला चूक परवडणार नव्हती. दोन वर्षांपूर्वी बायकोला, प्रेरणाला, पहिल्या बाळंतपणासाठी यवतमाळला न्यायचं ठरलं आणि ऐनवेळी मिळाली ती काळीपिवळी जीप. आत चौदा माणसं. प्रेरणा दोन बायांच्या मध्ये आखडून बसली होती, आणि मी मागे लटकत होतो. पोचलो तेव्हा फार उशीर झाला होता. मुलगा होता. त्यानंतर काळीपिवळी जीप दिसली की माझं डोकं फिरायचं, अजूनही फिरतं. आता पुन्हा तिला नववा लागला होता आणि मी ठरवूनच टाकलं होतं की या खेपेला आपली गाडी पाहिजे, जिच्यात ती पाय लांब करून बसेल.

नवी व्हॅन माझ्या आवाक्यातली नव्हती. जुन्या चार पाहिल्या. एकीचा तळ मॅटखाली गंजून चाळणी झालेला, दुसरीचं गॅस किट कागदावर चढवलेलंच नाही, तिसरीला पुढून वेल्डिंग. चौथीचा मालक मला आवडला नाही. पाचवी जीशानची. सात सीटची, पेट्रोलवर चालणारी, नऊ वर्षांची, एकाच हातातली. टायर चांगले, तळ कोरडा, सरकतं दार एका बोटानं सरकायचं. मिस्त्रीनं पास केली. किंमत मात्र बाजारापेक्षा इतकी कमी की मला तेव्हाच शंका यायला हवी होती. पण स्वस्त मिळालं की आपण फार विचारत नाही.

सप्टेंबर २०१८. बंद पडलेल्या कापसाच्या जिनिंग कारखान्याच्या आवारात, कडुनिंबाखाली गाडी उभी होती. जीशान तिशीतला, अंगानं वाळलेला, गाडीपासून दहा पावलं लांब उभा राहून बोलत होता. खैरुनबीनं चप्पल बाहेर काढली, आत शिरली आणि मधल्या बाकावर दाराकडच्या सीटच्या शिलाईवर अंगठा ठेवून थांबली. बराच वेळ थांबली. मग नेहमीचं काम सुरू केलं.

तिची रीत अशी. प्रत्येक सीटवर मला चहा पिण्याइतका वेळ बसवायची. मी उठलो की सीटची कड जिथं असेल तिथं शेजारच्या पत्र्यावर खडूनं रेघ मारायची. मग गाडी बंद करून अर्धा तास वाट पाहायची. फोम जिवंत असेल तर कड रेघेच्या वर येते. मेलेला असेल तर तिथंच राहते. साधं विज्ञान आहे, मला पटलेलं.

काचा वर केल्या, दारं लावली, किल्ली माझ्या खिशात. आम्ही समोर ओट्यावर बसलो. आवारात चिटपाखरू नव्हतं. अर्ध्या तासानं दार उघडलं. सगळ्या सीटा वर आल्या होत्या. दाराकडची सीट मात्र रेघेच्या खाली गेली होती.

मी खिशातली पट्टी काढली. अठरा मिलीमीटर.

"रेघ चुकली असन, चाची," मी म्हणालो.

"तू मार मंग."

मी मारली, पेनानं. दार लावलं. या वेळी गाडीवरून नजर हलवली नाही. दहा मिनिटांनी उघडलं तर सीट माझ्या रेघेच्याही खाली होती. मी हात लावला. रेक्झीन थंडगार, आणि मधोमध खळगा, माणूस बसल्यावर पडतो तसा. मी तळहातानं दाबून पाहिलं तर फोम आणखी दबेना. सीटमध्ये दबायला काही उरलंच नव्हतं.

खैरुनबी माझ्याकडे न पाहता म्हणाली, "हे कव्हर म्याच शिवलं, मागच्या दिवाळीत. शिलाई पाह्यली तवाच वळखलं. जीशान म्हने, फक्त वरचं बदला. फोमाले फवारनीच्या औषधाचा वास येत होता. मी तीन दिवस उन्हात घातला आन् वरून नवं रेक्झीन चढवलं. इचारलं नाई. इचाराले पाह्यजे होतं."

मागचं साल आमच्या जिल्ह्यात सगळ्यांना आठवतं. कपाशी डोक्याच्या वर गेली होती, बोंडअळी आली होती, आणि मजूर दिवसभर त्या जंगलात शिरून फवारत होते. विष अंगावर, डोळ्यात, श्वासात. दवाखान्याचे वॉर्ड भरले होते. मी जीशानकडे वळलो, पण तेवढ्यात माझा फोन वाजला.

आई होती, वच्छलाबाई. "रजत, प्रेरणाचं पानी गेलं. इथले डॉक्टर म्हनते, थेट यवतमाळले न्या, येळ नका लावू. अँब्युलन्स दुसऱ्या पेशंटले घेऊन गेली, तासभर येत नाई."

समोर एकच गाडी होती.

मला अजून चारचाकी चालवता येत नव्हती. मी जीशानला म्हणालो, चल. तो जागचा हलला नाही. "दादा, दारव्ह्यापर्यंत सोडतो. पुढं दुसरी पाह्यजा," असं काहीतरी पुटपुटला. मी त्याची कॉलर धरली. आयुष्यात कोणाची धरली नव्हती.

घरापुढं गाडी लागली. आईनं प्रेरणाला धरून आणलं. ती कण्हत होती, ओठ पांढरे पडलेले. मधल्या बाकावर आईच्या मांडीवर डोकं ठेवून तिला आडवं करायचं होतं. दार सरकवलं आणि खैरुनबीनं हात आडवा घातला. त्या रिकाम्या सीटकडे पाहून, काळीपिवळीत आपण शेजाऱ्याला म्हणतो तशा आवाजात ती म्हणाली, "भाऊ, जरा मांगं बसता का? पोटुशी हाय. लेटवा लागते तिले."

"चाची, हे काय चाललंय!" मी ओरडलो.

तिनं बोटानं पत्रा दाखवला. सीट वर येत होती. हळूहळू, माझ्या पेनाची रेघ ओलांडून, मग तिच्या खडूची. आणि मागच्या बाकावर, डावीकडची सीट खाली गेली.

आई प्रेरणाच्या केसांतून हात फिरवत होती, तिनं काही पाहिलं नाही. मी प्रेरणाला आत घेतलं. दुसरं काय करणार होतो? खैरुनबी मागे चढली आणि उजव्या काचेला चिकटून बसली. दोघांचा बाक रिकामा असताना कोणाला तरी जागा सोडून बसावं तशी.

मी पुढे, जीशानच्या शेजारी. वळणावर मी मागे पाहायचो, तर खैरुनबीचा डावा हात उचललेला दिसायचा, शेजारचा कलंडू नये म्हणून धरतात तसा. गाडीत आता वास येत होता. उग्र, औषधाचा. प्रेरणानं नाकाला पदर लावला. काचा सगळ्या उघड्या होत्या.

दारव्हा मागे पडलं तेव्हा जीशान बोलायला लागला, रस्त्यावरची नजर न काढता. मागच्या साली फवारणीच्या दिवसांत त्यानं विषबाधा झालेल्या एकाला याच गाडीतून, दाराकडच्या सीटवर बसवून, यवतमाळला न्यायला घेतलं होतं. मजूर होता तो, दुसऱ्याच्या वावरात फवारायचा. नावही सांगितलं, पण ते मी इथं लिहीत नाही. सोबत फक्त बायको. डोळ्यांपुढं अंधारी आलेली, म्हणून त्याला बाहेरचं दिसत नव्हतं. "दर दोन मिनिटांनी इचारे, आला का दवाखाना? मी म्हनो, आलाच. दारव्ह्यापासून आलाच म्हनून राह्यलो होतो, दादा. बोरीच्या पुढं तो चुप झाला. बायको म्हने, आता कायले नेता. म्या तिथूनच गाडी वळवली."

"मंग?"

"मंग काई नाई. तवापासून बोरीच्या पुढं ही गाडी नेली नाई."

बोरी आली आणि गेली. पुढे रस्त्याच्या कडेला बाभळींची रांग लागते, तिथं गाडीचा वेग उतरत गेला. मी पाहिलं, जीशानचा पाय ॲक्सिलरेटरवर दाबलेला होता. इंजिन ओरडत होतं आणि गाडी मंदावत होती. स्टेअरिंग त्याच्या हातात उजवीकडे ओढ घेत होतं, मागे वळायला. मागे प्रेरणा किंचाळली. मला दोन वर्षांपूर्वी मुलाला गुंडाळलेला तो छोटा पांढरा कपडा आठवला. मी नुसतं स्टेअरिंग धरलं, त्याच्या हातांवरून.

मागून खैरुनबीचा आवाज आला. ती आमच्याशी बोलत नव्हती. "नाई वळत आता. म्या बसली ना तुमच्यासंग. दवाखान्यातच जातो आपन, समदे."

स्टेअरिंग हलकं झालं. गाडीनं झटका घेतला आणि पळायला लागली. यवतमाळ येईपर्यंत मी जीशानच्या हातांवरचे हात काढले नाहीत.

दवाखान्याच्या दारात स्ट्रेचर आलं, आई आणि प्रेरणा आत गेल्या. पुढचे तीन तास मी व्हरांड्यात फेऱ्या मारल्या. साडेपाचला नर्स बाहेर आली आणि म्हणाली, मुलगी आहे, दोघी चांगल्या आहेत. मी भिंतीला टेकून खाली बसलो आणि लहान मुलासारखा रडलो. खैरुनबीनं डोक्यावर हात ठेवला. या बाईनं कधी मला चांगलं म्हटलं नव्हतं, तेव्हाही म्हणाली नाही. एवढंच म्हणाली, "ऊठ. काम राह्यलं."

ती मला खाली घेऊन गेली. गाडी फाटकापाशीच होती. जीशान बोनेटला टेकून उभा होता, चेहरा उतरलेला. मागची डावी सीट अजून खालीच होती. तीन तास उन्हात, बंद गाडीत.

"सांग त्याले," खैरुनबी सीटकडे बोट करून जीशानला म्हणाली.

"मी? तुमीच सांगा चाची. तुमचं आयकते थो."

"त्याले दिसत नाई. तुया आवाज वळखते थो. तूच आलाच म्हनला होता ना? मंग तूच सांग."

फाटकातून माणसं जात-येत होती, पेरू विकणारी बाई आमच्याकडे पाहत होती. मी सरकतं दार पूर्ण उघडलं आणि धरून उभा राहिलो. मी, मोजता येतं तेवढंच मानणारा. मधली सीट पुढे दुमडली, वाट केली.

"दादा," जीशान म्हणाला, "आला दवाखाना. उतरा. या वक्ती खरंच आला."

आधी काही झालं नाही. मग गाडीची पायरी दबली, माझ्या पायाशी, आणि माझ्या खांद्यावर वजन आलं. उतरताना माणूस आधाराला हात ठेवतो, तेवढंच. मी हललो नाही. वजन गेलं, पायरी सुटली आणि गाडी स्प्रिंगवर किंचित वर आली. दवाखान्याच्या पायऱ्यांकडे मी पाहिलं नाही. जीशाननं पाहिलं. तो तिथंच मातीत बसला आणि तोंड झाकून घेतलं.

खैरुनबी आत वाकली, सीटवर तळवा दाबला, सोडला. फोम वर आला. पुन्हा दाबला, पुन्हा आला.

"घे," ती मला म्हणाली. "चांगली हाय."

तिसऱ्या दिवशी प्रेरणाला आणि बाळाला घरी नेलं, त्याच गाडीतून, जीशानच चालवत होता. आई म्हणाली, मध्ये बस. पण प्रेरणाला वारा हवा होता, म्हणून ती दाराकडच्या सीटवर बसली आणि बाळाला मांडीवर घेतलं. बोरीच्या अलीकडे तिला झोप लागली. मी तिला काही सांगितलं नव्हतं, अजूनही सांगितलेलं नाही.