सरळ केलेले खिळे

फेब्रुवारी १९४४. आमची उतारूंची नाव दुरुस्तीला काढली होती आणि कृष्णाकाठी मी तिच्या कुजक्या फळ्या उचकटत होते. पलीकडच्या गावाला निघालेला एक अनोळखी शिपाई न सांगताच मदतीला बसला. उपटलेला प्रत्येक गंजका खिळा तो दगडावर ठोकून सरळ करी.

“आवं, गुळाच्या काहिलीतनं सोडते की तुमास्नी पल्याड,” मी दोनदा म्हणाले. नाव होईतो गूळ कढवायची ती रुंद कढईच आम्ही उतारूंसाठी पाण्यात सोडत होतो.

“नाव होऊ द्या, मावशी.”

नावेला महिना लागणार होता. रजा थोडी, आणि हा खिळे ठोकत बसलेला! मला काही उमगेना.

दिवस मावळताना तो म्हणाला, “पल्याड माज्या जोडीदाराची आई हाय. पोरगं लढाईत गेलं, तिला ठावं न्हाई. मलाच सांगायचं हाय.”

सकाळी मी काहील पाण्यात लोटली. “बसा,” म्हटलं, “मीबी येते.”