नारळाखालचा विमा

निवृत्तीनंतर मी वालावलला राहायला आले. इथे खाडीचं पाणी आवाज करत नाही. मालवणात पोलीस लाईनीतल्या खोलीत पडल्यापडल्या समुद्र ऐकू यायचा, त्याची सवय अजून गेली नाही. जागी झाले की आधी कान तिकडे जातात, आणि मग कितीतरी प्रकरणं आठवतात. चोऱ्या, मारामाऱ्या, हरवलेल्या होड्या. पण त्यातलं एक प्रकरण असं आहे की ते आठवलं की मला उठून बसावंच लागतं.

मी शिपाई म्हणून भरती झाले आणि खात्याच्या परीक्षा देत देत फौजदार झाले. शाळा फार नाही शिकले, इंग्रजी तर पोलीस ठाण्यातल्या कागदांवरून शिकले. नावं मी कुणाचीच सांगणार नाही. माणसं अजून तिथेच आहेत, त्यांना बाजारात तोंड दाखवायचं असतं.

आमच्या लाईनीत एक म्हातारी सकाळी मासे घेऊन यायची. बोलायला मोठी तिखट. ताजेपणा बघायला मी बांगड्याचा कल्ला उचलला की म्हणायची, "बाय, चोर पकडूक जा, माझो बांगडो कित्याक पकडतंस?" एक दिवस ती पाटी घेऊन आली आणि काहीच बोलली नाही. मी कल्ला उचलला तरी बोलली नाही. तेव्हाच मी ओळखलं.

"काय झालं गो?"

"झिलाचो आवाज बारीक झालो हा," ती म्हणाली.

तिचा मुलगा आठ महिन्यांपूर्वी आखातातल्या एका देशात गेला होता. तात्पुरता व्हिसा, बांधकामाच्या ठिकाणी एसीचे पाइप जोडायचं काम. रोज सकाळी फोन करायचा. आता दोन शब्द बोलून ठेवायचा.

"दमला असेल," मी म्हटलं.

"आवस मी तेची. दमल्याचो आवाज माका म्हायत आसा. ह्यो तसो न्हय."

मी तिला सुनेला घेऊन ठाण्यात यायला सांगितलं. दुपारी दोघी आल्या. सून पंचविशीतली, पदर घट्ट धरून बसलेली. ठाण्यात आल्यावर आमची माणसं शुद्ध बोलायला लागतात, तशी तीही बोलत होती. "मॅडम, ते म्हणतात की मी बरा आहे. पण व्हिडिओ कॉल केला की फक्त तोंड दाखवतात." मी म्हटलं, लाव फोन माझ्यासमोर.

त्याने फोन घेतला. हसला. आईला मासळीचा भाव विचारला. मी बाजूला बसून त्याच्या चेहऱ्याकडे नाही, चेहऱ्याच्या मागे बघत होते. पोलिसात इतकी वर्षं काढली की माणूस काय बोलतो त्यापेक्षा तो कुठे आहे हे आधी दिसतं. त्याच्या डोक्यामागे भिंत नव्हती. उशी होती. कामाच्या वेळेला हा माणूस आडवा पडलेला होता.

मी फोन हातात घेतला. "पोलीस ठाण्यातून बोलतेय. कॅमेरा पायाकडे फिरव."

"मॅडम, काय नाय तां..."

"फिरव म्हणते ना."

त्याने फिरवला. उजवा पाय घोट्यापर्यंत सुजलेला, अंगठा काळानिळा. सून तोंडावर हात ठेवून उठली ती बाहेर व्हरांड्यातच गेली. म्हातारी जागची हलली नाही, एवढंच म्हणाली, "माका ठावक होता."

पत्रा लागला होता, त्याला पंधरवडा झाला होता. घराण्यात साखरेचा आजार, त्यामुळे जखम भरेना. दवाखान्यात गेला तर त्याला पाठवणाऱ्या एजंटने दिलेलं आरोग्य विम्याचं कार्ड तिथल्या खिडकीवर चालेना. पैसे भर म्हणाले. तो परत खोलीवर येऊन पडला. सोबतचे लोक त्याची हजेरी सांभाळत होते, पण किती दिवस सांभाळणार?

"साहेबाला का सांगितलं नाहीस?"

"एजंट म्हणालो होतो, विमा नसलो तर व्हिसा रद्द. थंय जेलात टाकतत, मॅडम."

इथे थांबून सांगते, कारण हे वाचणाऱ्यांपैकी कुणाच्या घरातलं कुणीतरी परदेशात जाणारच. व्हिसावर कामाला जाणाऱ्याला आरोग्य विमा लागतो, हे खरं. पण तो गेला होता त्या देशात हा विमा मालकाने काढायचा असतो, मजुराने नाही. त्याला हे कुणी सांगितलंच नव्हतं. आणि खरं सांगायचं तर तोवर मलाही माहीत नव्हतं.

सुनेच्या नावाने तक्रार लिहून घेतली, स्टेशन डायरीला नोंद केली आणि हवालदाराला घेऊन मी कट्टा गावात गेले. एजंटची कचेरी एका कापडाच्या दुकानाच्या वरती. भिंतीवर विमानाचं मोठं चित्र, खाली गणपती, गणपतीला ताजा हार. माणूस गोड. खुर्ची पुसून दिली, चहा मागवला. "मॅडम, मी आपल्या पोरांसाठी समाजसेवाच करतो."

"ती ठाण्यात जाऊन करू या," मी म्हटलं.

चौकशीच्या खोलीत मी आवाज चढवत नसे. चढवलेल्या आवाजाला माणूस तयार होऊन आलेला असतो. मी व्हॉट्सअॅपवर मागवलेला कार्डाचा फोटो त्याच्यासमोर ठेवला आणि वाचायला सांगितला. त्याने वाचला. कंपनीचं मोठं नाव, सोनेरी अक्षरं, मागच्या बाजूला चोवीस तास मदतीसाठी नंबर.

"ही कंपनी कुठे आहे?"

"मुंबईक... मुंबईला आहे, मॅडम. मोठी कंपनी आहे."

"मग विचारू या त्यांनाच." ठाण्याच्या फोनवरून मी तो चोवीस तासांचा नंबर फिरवला.

त्याच्या पॅन्टच्या खिशात आरती वाजायला लागली.

दारातल्या हवालदाराला हसू आवरेना. एजंट फोन बंद करायला गेला तर घामाने हात सटकला आणि आरती आणखी मोठ्याने. मी रिसीव्हर कानालाच धरून ठेवला. "घ्या ना," मी म्हटलं. "माझा पेशंट अडचणीत आहे."

मग तो बोलला. कार्डं त्याने स्वतःच छापली होती. व्हिसा होत नाही असं सांगून प्रत्येकाला विकली होती. आणि रडकुंडीला आल्यावर जे बोलला तिथे माझी केस फिरली. "पण मॅडम, त्याला विमा आहे! कंपनीला काढावाच लागतो, तिकडचा कायदाच आहे. जाताना पाकिटात कागद दिला होता मी. हिरव्या शिक्क्याचा. खरा नंबर त्याच्यावरच आहे."

"नक्कल?"

"आम्ही ठेवत नाही." ज्या मधल्या माणसाकडून एजंटला तो कागद आला होता त्याचा फोन तर बंदच लागला.

मी लगेच म्हातारीच्या मुलाला फोन लावला. "तुझा विमा मालकाने काढलाय. आत्ताच्या आत्ता साहेबाकडे जा." तो जायला तयार होईना. भीती काय असते ते बघा. माणसाचा पाय कुजतो, पण तो दार वाजवत नाही. "कागद हातात असलो तर जातंय, मॅडम," तो म्हणाला. "नायतर काय दाखवू?"

"हिरव्या शिक्क्याचा कागद कुठे आहे?"

तो म्हणाला, "तो आवशीन देवाकडे ठेवल्यान."

आता ही आमच्याकडची रीत. घरचा माणूस लांब निघाला की देवासमोर त्याच्या नावाचा नारळ ठेवतात. तो परत आला की तोच नारळ फोडायचा. तोपर्यंत त्याला कुणी हलवत नाही. पाकिटातले बाकीचे कागद विमानतळावर लागतील म्हणून त्याने बरोबर नेले. हा एक कुणाला वाचता येईना, पण दिसायला सगळ्यांत देखणा, त्यावर तो मोठा हिरवा शिक्का. म्हातारीला वाटलं, इतका चांगला कागद देवाच्या पायाशीच हवा. तिने तो नारळाखाली ठेवला.

संध्याकाळी मी त्यांच्या घरी गेले. देवघरात शिरले तशी सून आडवी आली. ठाण्यातली शुद्ध भाषा कुठल्या कुठे गेली.

"हात लावू नको, बाय! तो येयसर नारळ हलवचो नाय. हललो तर तो येवचो नाय!"

"अगो, त्याच्याखाली त्याचं औषध आहे."

"माझो घोव येवक होयो माका! कागद नको!"

मी हवालदाराला मागे राहायला सांगितलं. कायद्याने मी तो कागद दोन पंच उभे करून जप्त करू शकत होते. पण मीही याच मातीतली. माझा नवरा जहाजावर होता तेव्हा माझ्या घरीही असा नारळ असायचा. ती नऊ-नऊ महिन्यांची वाट मला माहीत आहे. झाडू मारताना सुद्धा मी त्या कोनाड्यापासून हातभर लांबून मारत असे. त्या मुलीला मी कशी ढकलणार होते?

मी म्हातारीला विचारलं, "देवाला गाऱ्हाणं कोण घालतं तुमच्याकडे?"

शेजारचा एक वयस्कर माणूस आला. हातपाय धुऊन देवासमोर उभा राहिला. "बा देवा म्हाराजा!" आम्ही सगळी म्हणालो, "होय म्हाराजा!" माझा हवालदारही म्हणाला, टोपी काखेत धरून. "आज ह्यो नारळ लेकराच्या कागदासाठी वायच बाजूक करतंव, ता वाकडा मानून घेव नको. परमुलखात पडललो आसा तेका उभो कर रे म्हाराजा!" "होय म्हाराजा!"

मग म्हातारीने स्वतःच्या हाताने नारळ उचलला. सुनेने ओंजळ पुढे केली आणि तो ओंजळीत घेतला. जमिनीला टेकू दिला नाही. मी कागद काढला, उंबऱ्याजवळ उजेडात नेला. अर्धा अरबी, अर्धा इंग्रजी. माझ्या मोडक्या इंग्रजीने एकेक ओळ लावत गेले. मजुराचं नाव. मालक कंपनीचं नाव. विम्याचा नंबर. इस्पितळांची यादी. फोटो काढून त्याला पाठवला आणि फोनवरून प्रत्येक ओळ मालवणीत सांगितली. तेवढा वेळ ती पोर नारळ धरून तशीच उभी होती. तिचे हात खाली आले नाहीत.

त्याच संध्याकाळी तो सोबतच्या दोघांच्या खांद्यावर हात टाकून साहेबाच्या खोलीत गेला. साहेबाने, असं नंतर कळलं, कपाळावर हात मारला आणि गाडी काढली. आठवडाभर तो इस्पितळात होता. अंगठा गेला, पाय राहिला. एजंटवर फसवणुकीची आणि बनावट दस्तऐवजाची कलमं लावली. खटला चालू आहे, त्यावर जास्त लिहीत नाही.

वरिष्ठांनी पाठ थोपटली. मलाही वाटलं, झालं काम.

महिन्याभराने सून ठाण्यात आली. हातात कागद. वहीच्या पानावर सुवाच्य अक्षरात अर्ज: 'विषय: माझ्या पतीस घरी आणणेबाबत.' त्याचा करार अजून सव्वा वर्षाचा बाकी होता. कंपनीने त्याला गोदामात बसून करायचं काम दिलं होतं आणि आता आलो तर परत कोण घेणार, म्हणून तोच यायला तयार नव्हता.

"तुमी तेचो पाय वाचवलास," ती म्हणाली. "आता तेका घराक हाडा."

तो स्वखुशीने राहिला होता. यात गुन्हा नव्हता, कलम नव्हतं. आमचा ठाणे अंमलदार माझ्याकडे बघत राहिला. मी म्हटलं, "आवक कर." त्याने नोंद केली, शिक्का मारला आणि पोच तिच्या हातात दिली. तिने ती पोच चार घड्या घालून ब्लाऊजमध्ये ठेवली आणि बसस्टॉपकडे चालू लागली.

पोलिसाला वाटतं, खरं काय ते शोधून दिलं की आपलं काम संपलं. मीही तीसेक वर्षं तसंच समजून चालले. समोरचं माणूस काय मागायला आलंय, ते तक्रारीत बहुतेक वेळा लिहिलेलंच नसतं. ह्या पोरीने मात्र ते सरळ लिहून दिलं.

काही महिन्यांनी मी निवृत्त झाले. चार्ज देताना प्रलंबित अर्जांचा गठ्ठा नव्या फौजदाराला दाखवला. तरुण, हुशार मुलगी. तिने त्यातला सुनेचा तो अर्ज उघडून वाचला, दोनदा वाचला.

"मॅडम, यात आपल्याला करण्यासारखं काही नाही. निकाली काढू?"

"नको," मी म्हटलं. "माणूस यायचाय अजून."