दरवर्षी ताजा केलेला आवाज

वासुदेव इंगळे म्हणजे वस्तू जपणारा माणूस, अगदी वेड लागल्यासारखा. इंदूरच्या मिलमध्ये साचेखात्यात, म्हणजे कापड विणायच्या खात्यात, त्याची उमर गेली. "मशीन चालतंय म्हणून हात लावायचा नाही, ऐसा थोडी है! वर्षातून एकदा खोलून साफ करा, भिया, नाहीतर दगा देईल," हे त्याचं ठरलेलं भाषण. पण मिलच बंद पडली, आता तिला कोण साफ करणार, कपाळ! मग त्यानं मल्हारगंजात कॅसेटी भरून द्यायचं दुकान टाकलं. पुढे कॉम्प्युटर आला, तर हा पठ्ठ्या या वयात तेही शिकला.

मिल गेली, झांकी मात्र राहिली. अनंत चतुर्दशीच्या मिरवणुकीत मिलवाले ट्रॉल्यांवर दिव्यांचे हलते देखावे काढतात, ती झांकी. तिच्यापुढे माइकवर बोलायची वासुदेवची बायको अंबिका. "सरको भाईसाब, सरको, सवारी आ रही है!" तिच्या पुढच्या दोन दातांत फट होती, त्यामुळे 'स' म्हणताना बारीकशी शीळ वाजायची. त्या शिळेवर वासुदेव लग्नाआधीपासून फिदा होता, आणि हे तो चारचौघांत सांगायचा, लाज ना लज्जा.

अंबिका काविळीनं गेली. मागे उरली तिच्या आवाजाची एक कॅसेट. मग झांकीपुढे दरवर्षी तीच वाजायला लागली. वाजवून वाजवून ती घासेल या धास्तीनं वासुदेवनं आवाज कॉम्प्युटरवर घेतला, एमपीथ्री करून. "फाइल घासत नाही," म्हणाला, आणि कॅसेट भंगारात दिली.

बरं, एवढ्यावर थांबावं ना! पण नाही. मिलची सवय. दर गणपतीत तो फाइलची सर्व्हिसिंग करायचा. एमपीथ्रीची डब्ल्यूएमए, म्हणजे दुसऱ्या प्रकारची फाइल, करायची, पुढच्या वर्षी तिची पुन्हा एमपीथ्री. नवी झाली की जुनी पुसून टाकायची. मग हात जोडायचे आणि म्हणायचं, "झाली ताजी." नवं ते चांगलं, हे त्याला इतकं पटलेलं की कुणी विचारायचंही धाडस केलं नाही.

त्याची लेक अनुश्री पुण्यात रेडिओवर कामाला. कित्येक वर्षांनी ती झांकीला आली. दुपारी ट्रॉली सजत होती, तिच्यावरचा लाउडस्पीकरचा भोंगा वाजत होता.

"बाबा, आईचा आवाज लावा ना."

"लावलाय की, बाई!"

अनुश्री हातातली फुलं तशीच धरून उभी राहिली. "ही आई? बाबा, ही कोण बोलतेय?"

वासुदेव हसला. मग तिचं तोंड बघून त्याचं हसू विरलं. तिनं विचारलं, पहिली फाइल कुठाय? त्यानं सगळं सांगितलं, अगदी अभिमानानं.

"अहो बाबा! वाजवून फाइल घासत नाही, खरंय. पण असली फाइल एका प्रकारातून दुसऱ्यात केली की कॉम्प्युटर दर वेळी बारीक बारीक आवाज गाळून टाकतो. गाळलेलं परत येत नाही. तुम्ही गाळलेलंच पुन्हा गाळत राहिलात."

"छट्! मला तर नीट ऐकू येतं."

"डोळे मिटून ऐका. आईची शीळ शोधा."

त्यानं डोळे मिटले. पहिल्यांदा ऐकलं, दुसऱ्यांदा ऐकलं. भोंग्यातून पाण्याखालून बोलल्यासारखी कुणी बाई काहीतरी "अरको, अरको" म्हणत होती. शीळ नव्हती. इतकी वर्षं ती शीळ त्याच्या डोक्यातच वाजत होती, भोंग्यात नव्हती. वासुदेव ट्रॉलीच्या दांडीला धरून खाली बसला.

"मी तर तिला जपत होतो गं," एवढंच म्हणाला. अनुश्रीला रडू फुटलं.

संध्याकाळी झांक्या रांगेत लागल्या. आजूबाजूच्या मिलांच्या झांक्यांचे भोंगे दणाणत होते, यांचा बंद. मिलमध्ये वासुदेवबरोबर साचे चालवलेला नाना धापा टाकत आला.

"अरे वासुदेव, क्या हुआ? आज अंबिकावहिनी का बोलत नाहीत?"

वासुदेवनं त्याच्याकडे पाहिलं. अंबिका गेल्यापासून पुढचा शब्द त्यानं कधी तोंडातून काढला नव्हता.

"वारली ती, नाना."